आईनं बंद पाडलेला सिनेमा

गेल्या शुक्रवारी परभणीत, दुपारी बाराच्या शोला, माझ्या आईनं चालू सिनेमा बंद पाडला. हो, अख्ख्या थिएटरचा. आणि मी, तिची सख्खी मुलगी, सीटमध्ये तोंड लपवून बसले होते...

आधी आमच्या ग्रुपबद्दल सांगते. आम्ही पाचसहा सिनेमावेडी माणसं शुक्रवारी एकत्र सिनेमा बघतो. नियम दोनच. हॉलमध्ये चकार शब्द काढायचा नाही, आणि मत द्यायचं ते बाहेर टपरीवर, चहा हातात आल्यावर.

पहिलं मत कायम सरांचं. सर कॉलेजात शिकवायचे, आता रिटायर झालेत, आणि अंधारातसुद्धा खिशातल्या डायरीत नोंदी करतात. ते बोलले की आम्ही बाकीचे त्यातच थोडा मीठमसाला घालतो.

आई सोनपेठजवळच्या आमच्या गावाहून आली होती, डोळे दाखवायला. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत, डॉक्टर म्हणाले, एकदम छान. म्हटलं, चल आई, नव्या डोळ्यांनी सिनेमा बघ.

त्यात सिनेमा ऊसतोडीवरचा, आणि आईनं बाबांबरोबर बारा हंगाम ऊस तोडलाय. पण खरं सांगू? मला धाकधूक होती. या जाणकार मंडळींसमोर ती काहीतरी बोलेल आणि ते हसतील...

जाहिराती संपल्या आणि सिनेमा सुरू झाला. नाव नाही, पाट्या नाहीत... थेट ऊसतोड कामगारांची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, चुलीपुढं बसलेली नायिका आणि अबोला धरलेला नवरा. सरांची डायरी लगेच बाहेर. शेजारी आमच्या ग्रुपमधले कापड दुकानवाले मन्मथअप्पा, त्यांनीही मला अंगठा दाखवला.

"हिच्या हाताला घट्टे कवा पडले गं?" आई कुजबुजली. मी म्हटलं, गप बस ना आई.

दोन मिनिटांनी पुन्हा. "मागं बघ की. ऊस कुठंय? समदं रान मोकळं झालंय. हे तर पट्टा पडायच्या वक्ताचं हाय." पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. मी पुन्हा गप केलं.

मन्मथअप्पा वाकून अदबीनं म्हणाले, "मावशी, शेवट आदी दाखवायलेत. मंग मागं नेतेत. नव्या सिनेमात आसंच आसतंय."

"आसं हाय का," म्हणून आई जरा वेळ शांत बसली. तेवढ्यात नायिका नवऱ्याला म्हणाली, त्या दिवशी जे झालं ते विसरून जा.

"कोणत्या दिवशी?" आई चांगली मोठ्यानं म्हणाली. "आपल्याला कुठं दाखवलंय? हे तर आसं बोलायलेत जसं आपल्याला समदं ठावं हाय!"

पुढची माणसं वळून बघायला लागली. सरांनी "शूऽऽ" केलं. मी तिचा हात दाबून धरला... तिनं तो सोडवून घेतला, पदर खोचला आणि सरळ दाराकडं चालू लागली.

दारावरच्या माणसाला ती काय म्हणाली ते सगळ्या हॉलला ऐकू आलं. "आरं दादा, तुमी सिनेमा मधूनच लावलाय. आदी सुरुवात तर दाखवा."

तो आत वर कुठंतरी विचारायला गेला. माझी कानशिलं तापलेली... आणि मग पडदा काळा झाला, लाइट लागले. वरच्या खिडकीतून ऑपरेटरनं डोकं बाहेर काढलं. "सॉरी हं! इंटरव्हलनंतरचा भाग लागला होता. पहिल्यापासून लावतो."

मग मागून कोणीतरी ओरडलं, "लय भारी, मावशी!" आणि टाळ्या पडल्या. आई येऊन माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आता बघ."

सिनेमा पुन्हा सुरू झाला. या वेळी नाव आलं, पाट्या आल्या. तीच नायिका, अंगाला हळद, हात अगदी मऊसूत... आणि मागं माणूस बुडेल एवढा हिरवागार ऊस.

शो सुटल्यावर टपरीवर चहा आला. सरांनी डायरी काढून सुरुवातीचं पान वाचून दाखवलं. 'धाडसी सुरुवात. प्रेक्षकाला कोड्यात टाकणारी मांडणी.' स्वतःच पोट धरून हसले आणि ते पान टर्रकन फाडलं.

मग म्हणाले, "आज पहिलं मत आईंचं." आमच्या ग्रुपमध्ये असं आजवर कधीच झालं नव्हतं.

आईनं चहा बशीत ओतला, फुंकर घातली. "सिनेमा चांगला हाय. पर ती पोरगी मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढली, तवा मान हलवून बोलायली. डोक्यावर खरं ओझं आसलं की मान हलत न्हाई. तिच्या मोळीत ऊस कमी हाय."

सर खाली मान घालून भराभर लिहून घेत होते. एवढे सिनेमे बघितले आम्ही, पण हे आमच्यातल्या एकालाही दिसलं नसतं.

"आन् आवडला का, मावशी?" मन्मथअप्पांनी विचारलं.

आईनं बशी खाली ठेवली. "आमी बारा वर्सं त्या फळीवर चढलो, कुणी वळून बघितलं न्हाई. आज लोकं तिकीट काढून बघायलेत."

माझा चहा तसाच हातात राहिला. आईची छाती मात्र अशी फुगलेली की विचारू नका!

आई, मी तुला त्या हॉलमध्ये गप बस म्हणाले. लोक हसतील म्हणून घाबरले होते. चुकलं माझं... आणि हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण 'गप बस'सुद्धा मी सगळ्यांसमोरच म्हटलं होतं.

येत्या शुक्रवारची तिकिटं सरांनी काढलीत. आई सकाळच्या एसटीनं येतेय. तिच्यासाठी खास दाराजवळची सीट घेतलीय... उठून जायला सोपी.