केतकीची उंची

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं असतं कदाचित — पण ती असती, तर हे घडलंच नसतं. नाही, असं म्हणणं ही पुन्हा पळवाटच झाली. घडलं ते माझ्यामुळे.

मी दिल्ली विमानतळाच्या टॉवरमध्ये नोकरी केली. विमानाची उंची फुटांत, अंतर नॉटिकल मैलांत, धावपट्टी मीटरमध्ये — एकातून दुसऱ्यात जाताना माझा आकडा कधी चुकला नाही. म्हणून मापाचं काही निघालं की केतकी, माझी एकुलती मुलगी, मलाच विचारायची. मी सांगेन ते तिच्यासाठी शेवटचं.

बायको गेली, त्याच्या पुढच्या वर्षी एका विमान कंपनीत केबिन क्रूची भरती निघाली. लहानपणापासून केतकीला तेच व्हायचं होतं. उंची किमान एकशे पंचावन्न सेंटीमीटर हवी होती. आणि आपल्या घरांत उंची कायम फुटांत — केतकी ‘पाच एक’. ते पंचावन्नला केसभर कमी पडतं. पण पाच एक हे अंदाजाचं माप, नीट मोजायला हवं — हेही मीच म्हणालो.

गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. टाचा जुळवून, श्वास रोखून. तिच्या डोक्यावर मी पुस्तक आडवं धरलं, पेन्सिलीने खूण केली, टेप लावली. एकशे साडेपंचावन्न.

कसं सांगू तुम्हाला?

मी म्हणालो, “एकशे चोपन्न.”

“बाबा, यार, परत बघा ना.”

मी परत पाहिलं. परत साडेपंचावन्न. परत चोपन्न म्हणालो — आणि ती वळायच्या आत खूण बोटाने पुसून टाकली.

“अच्छा,” एवढंच म्हणाली ती, आणि कुकर लावायला गेली. मुलाखतीला गेलीच नाही.

त्या नोकरीत धोका असतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. खोटं. विमानं किती सुखरूप उतरतात, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मला रोज एकट्याने जेवायची भीती वाटत होती. ‘जाऊ नकोस’ म्हणायची हिंमत नव्हती — म्हणून पोरीच्या उंचीतून दीड सेंटीमीटर काढून घेतला.

ती नोएडात कॉल सेंटरला लागली. मग लग्न होऊन फरीदाबादला गेली. गेल्या वर्षी ती गरोदर असताना मी तिला तपासणीला घेऊन गेलो. नर्सने वजन घेतलं, उंची मोजली. “एक सौ पचपन पॉइंट पाँच,” म्हणाली आणि पुढच्या बाईकडे वळली.

केतकी चप्पल घालता घालता थांबली.

“बाबा, माझी तर एकशे चोपन्न ना?”

तेव्हा सांगता आलं असतं. मराठी कळणारं जवळ कोणी नव्हतं. ती माझ्याकडेच बघत होती.

“यांची पट्टी नीट लावलेली नसेल,” मी म्हणालो.

“हां, असेल. तुम्ही मोजलेलं चुकणार नाही.”

जिना उतरताना तिने आधारासाठी माझा हात धरला. मी धरू दिला.