गिऱ्हाईकासाठी राखीव

अनंतकृष्ण रावांचं ब्लाउजपीसचं दुकान वेस्ट मांबलमच्या स्टेशनरस्त्यावर आहे, हे त्या रस्त्यावरच्या पुष्कळांना ठाऊकच नव्हतं. दिसायची ती रावांची गाडी. पांढरी, लांबरुंद, दारात म्हैस आडवी बसावी तशी दुकानापुढे बसलेली.

राव तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. मराठी बोलायचे, पण तमिळच्या चालीवर, वाक्याचं शेपूट वर उचलून. घर मागच्याच गल्लीत, त्यामुळे दुकानात यायचे चालत. मग गाडी कशाला? तर जागा धरायला. त्या रस्त्यावरचा रिवाजच तसा. एसटीत रुमाल टाकावा तशी दुकानदारांनी आपापल्या दारात वाहनं टाकलेली.

"जागा सोडलों तर कोणकी येऊन आपली लावील ना!" राव म्हणायचे.

समोरचा कॉफीपूडवाला जयतीर्थ रोज दळण लावून झालं की रावांना दळायला घ्यायचा.

"पण ही जागा कोणासाठी धरलीत, राव?"

"गिऱ्हाईकासाठी!"

"आणि गिऱ्हाईक आलं की?"

"तत्क्षणीं गाडी काढतों!"

"काढलीत कधी?"

"गिऱ्हाईक आलं तर ना काढायची!"

गिऱ्हाईक खरंच येईना. मुलगा उपेंद्र अड्यारच्या ऑफिसात बसून फोनवर ऐकवायचा, "अप्पा, बी प्रॅक्टिकल. दीपावळीपर्यंत बघू. नाहीतर दुकान मोबाइलवाल्याला भाड्यानं देऊन टाकू." मोबाइलवाला एकदा येऊन भिंती मापूनही गेला. त्या दिवशी राव जेवले नाहीत. म्हणजे, रसम घेतलं फक्त. तीनदा.

त्यात महापालिकेची नोटीस आली: रस्त्यावर गाडी लावायची तर तासाला पैसे. रावांना आयता शत्रू सापडला. त्यांनी दुकानदार गोळा केले, साहेबांना रस्त्यावरच बोलावलं आणि आपल्याच गाडीच्या बॉनेटला टेकून भाषण ठोकलं.

"सार! आमच्या गिऱ्हाईकाला गाडी लावायला जागा नाही, सार! वर पैसे मागितलेत तर बाजार मरेल, सार!"

टाळ्या पडल्या. साहेब घाम पुसत माना डोलवत होते. तेवढ्यात गर्दीतून सीतालक्ष्मी मामी पुढे आल्या. लग्नापासून ब्लाउजपीस घ्यायच्या त्या रावांकडेच. कनवटीला किल्ली, हातात भाजीची पिशवी.

"अगदी खरं बोलले राव! जागाच नाही. साहेब, आधी हा पांढरा गाडीवाला पकडा हो! किती वेळा स्कूटर घेऊन आले न् तशीच परत गेले. मेली जागची हलत नाही. मालक जिवंत तरी आहे का, कोण जाणे!"

सगळा रस्ता रावांकडे बघायला लागला. जयतीर्थाला खोकल्याची अशी उबळ आली की त्याला खाली बसावं लागलं. राव बॉनेटपासून हळूच दोन बोटं लांब सरकले.

"मग मामी," ते बारीक आवाजात म्हणाले, "ब्लाउजपीस आता कुठनं घेतां?"

"पाँडी बाजारात. तिथे पैसे घेतात मेले, पण गाडी लावायला तरी मिळते!"

घरी रावांच्या बायकोनं, लावण्याबाईंनी, ताट वाढलं आणि एवढंच विचारलं, "गाडी ठेवणार की दुकान? काय ते एक सांगा."

सकाळी रावांनी गाडीला हळदकुंकू लावलं आणि किल्ली फिरवली. गाडी नुसती कण्हली. मग सगळे दुकानदार धावले, एवढ्या आनंदानं की रावांना ते खुपलंच. "ऐलेसा! ऐलेसा!" करत त्यांनी ती ढकलत मेकॅनिकच्या शेडात नेली. राव पुढे स्टिअरिंग धरून, जावयाला पोचवायला निघाल्यासारखे.

परत आले तर दुकानात ऊन. सरळ काउंटरपर्यंत. लाल म्हणून एका गठ्ठ्यात बांधलेले पाच लाल वेगवेगळे निघाले. ब्लाउजपीसचा रंग जुळवायचा तर ऊन लागतं, हे रावच पूर्वी बायकांना सांगायचे. पण गाडीआड ऊन येणार कुठून?

रिकाम्या जागेत स्कूटर थांबली. महापालिकेची, पार्किंगचे पैसे घेणारी बाई चिठ्ठी फाडत ओरडली, "वन अवर, मॅडम!" आणि मोरपंखी साडी काखेत धरून पुण्याकडची एक तरुण पोरगी आत शिरली. काउंटरमागे मदतीला बसलेल्या लावण्याबाईंचं मराठी ऐकून किंचाळलीच, "अय्या, तुम्ही मराठी? मी इरा, मागच्याच लेनमध्ये राहते. दोन वर्षं झाली! नवीन दुकान का? कधी उघडलं?"

रावांच्या मानेची शीर टरारली. "नवीन? आमच्या वडिलांनीं हें—"

लावण्याबाईंनी काउंटरखाली त्यांचा पाय दाबला. चांगला दाबला.

"आजच," राव म्हणाले. "आज उघडलों, अम्मा."

इरानं कापड दारात नेऊन उन्हात धरलं, मान हलवली, एकाचे तीन पीस घेतले. तास सुरू होता, त्यामुळे घासाघीस मुद्द्याची झाली. "मग ओपनिंगची सूट?"

राव 'दहा टक्के' म्हणणार, तोच बाहेर दुसरी स्कूटर लागली. तिच्या मागे तिसरी, आणि तिच्यावर मामी.

"सूट काल संपली, अम्मा," राव म्हणाले आणि कात्री उचलली.