मुकादमाचं पाणी बंद

खोटं सांगत असेन तर आमच्या नळाला आठवडाभर पाणी येऊ नये!

थांबा, ही शपथ नको. ही आमच्याकडे न घेताही खरी होते. दुसरी घेतो. माझ्या मिशीची शपथ, हा किस्सा अक्षर न् अक्षर खरा आहे. आता मला मिशी नाही, ही गोष्ट वेगळी. असती तर तिचीच घेतली असती. आणि अक्षर न् अक्षर म्हणजे काय, एखादं अक्षर इकडचं तिकडे झालंही असेल. कुठलं ते शेवटी सांगतो. तोवर चहा घ्या.

तर आमच्या घरी मुकादम आला.

मुकादम म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. भुईगावच्या इनासच्या वाडीतलं. इनास माझा कंपनीतला जुना दोस्त, आता घरची केळी करतो. त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली म्हणून मी नुसता बघायला गेलो, आणि परत येताना माझ्या शर्टाच्या आत काहीतरी वळवळत होतं. बायकोला, विद्याला, मी सांगितलं की इनासने गळ्यात मारलं. इनासने तिला फोनवर सांगितलं की मी अक्षरशः पाया पडलो. असो, दोन मित्रांत मतभेद असायचेच.

पिल्लू केवढं? नारळाएवढं. पण रुबाब बघाल तर! घरात पाऊल टाकल्या टाकल्या शेपटी ताठ करून त्याने सगळ्या खोल्यांची पाहणी केली. विद्या कणीक मळत होती, तिच्यासमोर बसून काम नीट चाललंय का ते बघितलं. मग स्वयंपाकघराला लागून असलेल्या धुण्याच्या बाल्कनीत जाऊन पाणी वाहून जायच्या जाळीत नाक खुपसलं. नाव तिथेच ठरलं. जाळीवर मी लगेच एक जुनी फळी टाकली, वर वीट ठेवली. लहान जीव, उगाच घाण तोंडात जायची. मी किती काळजी घेणारा माणूस आहे ते लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता आमच्या गोखिवऱ्याच्या पाण्याबद्दल सांगायलाच हवं. ते कधी येईल हे पाण्यालाही माहीत नसतं. म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घर झोपताना एक नळ उघडा ठेवतं, खाली ड्रम. पाणी आलं की धो धो आवाज, आवाजाने जाग, ड्रम भरला की नळ बंद. आमच्या घरात ही ड्यूटी माझी. आणि सांगतो, मी ती झोपेत करायचो! सकाळी बघावं तर ड्रम काठोकाठ, नळ गप्प. कधी उठलो, कधी बंद केला, काही म्हणता काही आठवायचं नाही.

"काही माणसांचं शरीर झोपेतही जबाबदार असतं," मी विद्याला ऐकवायचो.

"आणि जागेपणी?" ती विचारायची. तिला कौतुकाची सवयच नाही.

मुकादम आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विद्याची किंकाळी ऐकू आली. धावत गेलो. स्वयंपाकघरात हे एवढं थारोळं! विद्या ओट्याला धरून एका पायावर उभी, आणि थारोळ्याच्या मधोमध मुकादम बसलेला. भिजलेला, कान पाडलेला. आता मला सांगा, तुम्ही कोणाला पकडलं असतं?

मी त्याला उचलून नाक्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोरगी तरुण, पण हुशार.

"काका, लहान पिल्लू आहे, चालायचंच. झोपायच्या दोनेक तास आधी पाण्याची वाटी उचला. झोपताना एकदा खाली फिरवून आणा. पण दिवसा पाणी तोडायचं नाही हां. या उकाड्यात तर अजिबात नाही."

किती सोपं! पण माझ्या डोक्याचा एक दोष आहे. दोन तास चांगले, तर चार तास दुप्पट चांगले, असं ते लगेच काढतं.

रात्रीच्या जेवणाला वाटी उचलली. सकाळी थारोळं. दिवेलागणीला उचलली. थारोळं! मग दुपारच्या चहालाच उचलून माळ्यावर ठेवली. सकाळी बघतो तर थारोळं डायनिंग टेबलाच्या खालून पार फ्रीजपर्यंत! मी पाणी कमी करतोय आणि हा वाढवतोय!

रोज विद्याच्या आधी उठायचं, नाकाला घट्ट रुमाल बांधायचा, अर्धी बाटली फिनेल ओतायचं आणि पुसायचं, हा माझा दिनक्रम झाला. पुसताना मी विचार करायचो, नारळाएवढ्या पिल्लातून परातभर पाणी? हे कुत्रं हवेतून पाणी बनवतंय की काय? खोटं वाटेल, पण एका सकाळी मी हिशोब मांडला होता. अशी शंभर पिल्लं पाळली तर वसई-विरारचे टँकर बंद! प्रत्येक सोसायटीच्या गच्चीवर टाकीऐवजी एक पिंजरा!

डॉक्टरीणबाईंना पुन्हा गाठलं. त्यांनी मुकादमाला उलटंसुलटं करून तपासलं.

"काका, हा तर ठणठणीत आहे. पाणी भरपूर पितोय ना?"

"हो हो," मी म्हणालो. आता दुपारपासून बंद आहे हे कुठल्या तोंडाने सांगणार?

"मग एवढं कसं होतंय? असंच चाललं तर आपण मूत्रपिंडाची तपासणी करू."

मूत्रपिंड! घरी येताना रिक्षात तो माझ्या मांडीवर झोपला, आणि झोपेत माझ्या बोटाला बाटलीसारखा चोखत राहिला. मी बाहेर बघत बसलो. डोळ्यांत धूळ गेली होती, दुसरं काही नाही.

घरी विद्या वाट बघत होती.

"मी इनासभाऊंना फोन केलाय. रविवारी येऊन घेऊन जातील."

"अगं, पण का? आता तर तुला थारोळं दिसतही नाही. पुसतो की मी!"

"फरशीचं नाही बोलत मी. त्याच्याकडे बघवत नाही मला. वाटीच्या जागी जाऊन जमीन चाटतो तो. असं तहानेलं ठेवून मला कोरडी फरशी नको. भुईगावला विहीर आहे, पोटभर पिईल तरी."

मी वाटी माळ्यावरून काढली. पण थारोळं आठवलं, ते मूत्रपिंड आठवलं, आणि परत ठेवली. मूर्ख माणूस मूर्खपणातही सातत्य ठेवतो.

रविवार उजाडला. दुपारी इनास आला. एका हातात सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडी, दुसऱ्या हातात रिकामी टोपली. त्या टोपलीकडे माझ्याने बघवेना. मुकादमाने इनासला ओळखलं आणि उडी मारून मांडीवर जाऊन बसला. आम्ही तिघं स्वयंपाकघरात टेबलाशी. चहाची कपबशी वाजली तरी दचकायला व्हायचं.

"वहिनी, काय चुकलं पोराचं?" इनासने शेवटी विचारलं.

"त्याचं नाही हो काही..." विद्या म्हणाली आणि एकदम तिने दोन्ही पाय वर घेतले. "अगं बाई! हे काय?"

टेबलाखालून पाण्याचा ओघळ येत होता. संथ, शांत, न विचारता घरात शिरणाऱ्या पाहुण्यासारखा. तो इनासच्या चपलेला लागला.

"मुकादम!" मी ओरडलो.

"अरे बाबा," इनास म्हणाला, "पिल्लू माझ्या मांडीवर हाय. आणि माझी मांडी सुकी हाय."

तिघांनी एकदम बाल्कनीकडे पाहिलं. सकाळपासून पाणी नव्हतं म्हणून तिथला ड्रमवरचा नळ उघडाच होता. पाणी आलं होतं. ड्रम भरून वाहत होता, आणि आवाज? शून्य.

विद्या उठली. पदर खोचला. तिचा पदर खोचलेला दिसला की मी जन्मतारीखही आठवून आठवून सांगतो.

"नळाला हा पाइप कोणी लावला?"

"मी."

"ड्रमच्या तळापर्यंत? का?"

"पाण्याच्या आवाजाने झोपमोड व्हायची ना."

"आवाज ऐकून उठायचं म्हणून नळ उघडा ठेवायचा, आणि आवाज येऊ नये म्हणून पाइप लावायचा?"

ही गोष्ट अशी सलग कोणी मला आजवर सांगितलीच नव्हती.

"आणि जाळीवर फळी? वर वीट?"

"मुकादम नाक घालतो म्हणून..."

इनासने वीट बाजूला केली, फळी उचलली. गडप गडप करत सगळं पाणी जाळीत गेलं. इतकी वर्षं ते असंच गुपचूप जात होतं. ड्रम भरायचा, वाहायचा, पाणी गेलं की नळ आपोआप गप्प व्हायचा, आणि इकडे माझं जबाबदार शरीर घोरत पडलेलं असायचं! नळाची चावी सकाळी उघडीच असते, हे बघायची तसदी कोणी घेतली होती?

"म्हणजे मी उगाच..." मी मुकादमाकडे बघत मटकन बसलो. "दुपारपासून पाणी नाही दिलं गं मी त्याला. एवढ्याशा जिवाला."

"मिळत होतं," विद्या हळूच म्हणाली. "तुम्ही वाटी उचलली की मी चोरून माझ्या ताटलीतून घोट घोट पाजायचे. संध्याकाळीही. मला वाटायचं, माझ्यामुळेच सकाळी ते थारोळं होतं आणि तुम्ही पुसत बसता. म्हणून तर इनासभाऊंना बोलावलं."

इनास इतका हसला की सुकेळं त्याच्या घशात अडकलं. मग रिकामी टोपली उचलून म्हणाला, "वहिनी, टोपलीत कोणाला नेऊ? पिल्लाला, की याला?"

"हे मावत नाहीत," विद्या म्हणाली, "नाहीतर विचार केला असता."

मी वाटी काढली, काठोकाठ भरली. मुकादम प्यायला, मिशा हलवल्या, आणि इतके दिवस ज्याने त्याच्यावर आळ घेतला त्याचाच हात चाटला. खरं सांगू? एवढी मोठी माफी मला एवढ्या स्वस्तात आयुष्यात मिळाली नव्हती. विद्याला थँक्यू म्हणायला गेलो तर म्हणाली, "आधी फरशी पुसा."

आता सगळं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे. दिवसभर वाटी भरलेली, झोपायच्या थोडी आधी उचलायची, मग खाली एक चक्कर. क्वचित अपघात होतोही, पण वाटीएवढा. त्या वाटीएवढ्या अपघाताचं मला इतकं कौतुक आहे की मी तो बिनारुमालाचा पुसतो.

पाइप काढून टाकलाय. आणि गंमत अशी, नळाला पहिला थेंब आला की मुकादम भुंकतो! पूर्ण विंग त्याच्या भुंकण्यावर उठते, सगळ्यांचे ड्रम भरतात. सेक्रेटरींनी परवा त्याला हार घालून सत्कार केला.

...काय बघताय? बरं बाबा, कबूल. ते शेवटी सांगतो म्हटलेलं अक्षर हेच. भुंकणं, विंग, हार, सगळं मी रचलं. झोपेच्या बाबतीत मुकादम माझ्यावर गेलाय. ड्रममध्ये धबधबा कोसळला तरी आम्ही दोघं एका सुरात घोरतो.

उठते विद्या. नळ बंद करते, त्याच्या अंगावर फडकं सारखं करते आणि झोपते. सकाळी मी जाऊन बघतो तर ड्रम काठोकाठ, नळ गप्प, फरशी कोरडी. आणि ती चहा ओतता ओतता म्हणते,

"अहो, आज काय सुंदर नळ बंद केलात झोपेत!"