सात खाचरांचं मैदान

भागोजी उतेकर मुंबईत तीस वर्षं एका मैदानाचा माळी होता. गवत कापायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या. पण त्याची खरी हुशारी पावसाळ्यात दिसायची. कितीही पाऊस कोसळो, त्याच्या मैदानावर पाणी थांबत नसे.

नोकरी संपवून तो पोलादपूरजवळच्या आपल्या गावी आला, त्याच्या दुसऱ्याच वर्षी महाडच्या एका कारखानदाराने फुटबॉलचा क्लब काढला. पगारी खेळाडू, निळी जर्सी, मुंबईच्या लीगमध्ये नाव. मैदान तेवढं नव्हतं. आमच्या डोंगराळ मुलखात सपाट जागा म्हणजे भाताची खाचरं, आणि भागोजीची सात खाचरं नदीकाठी एकाला एक लागून होती. शेठ स्वतः अंगणात येऊन बसला. म्हणाला, "जमीन तुमचीच राहील. मैदानही तुमचंच."

तीस वर्षांत कुणी त्याला असं म्हटलं नव्हतं.

त्याची बायको ठकूबाई म्हणाली, "वर्साचा भात येतो त्यात. बांध मोडून चेंडू खेळवनार हाव?"

"तुला नाय कळायचं गो."

बांध त्याने स्वतःच्या हाताने फोडले. पाणी धरणाऱ्या चिकण मातीत खोल चर खणले, त्यात खडी, वर रेती, वर हिरवळ. इंजिनिअर म्हणाला, एवढं लागत नाही. भागोजीने ऐकलं नाही.

दुसऱ्या मोसमात, ऑक्टोबरातल्या एका दुपारी असा पाऊस झाला की मुंबईचा संघ बॅगा भरू लागला. भागोजी म्हणाला, तासभर बसा. तासाभराने चेंडू कोरड्या गवतावरून घरंगळला. महाडहून टेम्पो भरून माणसं आली होती, डोंगराच्या उतारावर छत्र्याच छत्र्या. अश्वजित, महाडच्या बौद्धवाडीतला गोलकीपर, त्याने शेवटची पेनल्टी अडवली. क्लब वरच्या गटात गेला. लोकांनी अश्वजितला उचललं. अश्वजितने भागोजीला ओढून रेघेच्या आत आणलं.

वरच्या गटाचे नियम मोठे. गॅलरी हवी, दिवे हवेत. शेठने हिशेब केला आणि लीगमधली क्लबची जागा पुण्याच्या एका कंपनीला विकली. भागोजीला कुणी कळवलं नाही. कळलं ते गोलाच्या जाळ्या न्यायला अश्वजित आला तेव्हा.

"काका, मला पुण्याला नेतायत. बाकीच्यांना सोडलं."

"आनि मैदान?"

अश्वजित जाळी गुंडाळत राहिला. "त्याचं काही बोलले नाहीत."

त्या जूनमध्ये भागोजीने हिरवळ नांगरून पुन्हा बांध घातले. ठकूबाईने रोपं तयार केली, लावणी झाली. चार दिवस मुसळधार पाऊस पडला आणि पाचव्या दिवशी उघडीप मिळाली. संध्याकाळपर्यंत सातही खाचरं कोरडी. रोपं पिवळी पडली.

खालच्या शेताचा मालोजी बांधावर येऊन उभा राहिला. "भागोजीदादा, तुमचं पानी लय शिस्तीचं हाय. कुठं न थांबता माज्याकडं येतं."

भागोजीने वाकून बांध चाचपला. चूक कुठे झाली ते शोधावं, तर चूक झालीच नव्हती. काम चोख होतं.

ठकूबाईने उरलेली हिरवी रोपं उपटून मालोजीच्या बायकोला दिली. मग हात धुऊन विचारलं, "किती खोल हाय ती खडी?"

"दोन हात."

"मंग काढा."

जेसीबी लावला तर उरलेली चिकण मातीही खडीबरोबर निघून येते, म्हणून कुदळीनेच काढावी लागते. भागोजी आता सदुसष्ट वर्षांचा आहे. दोन उन्हाळ्यांत एक खाचर मोकळं झालं. त्यात यंदा गुडघाभर भात उभा आहे. ठकूबाई रोज तिथे जाते. उरलेल्या सहा खाचरांकडे ती बघत नाही, आणि भागोजीशी भाताबद्दल बोलतही नाही.