काटेझाडाजवळचं शेत

बाही स्किलिकॉर्नला शेतांची नावं घरात बसून कधीच आठवत नसत. फाटकावर हात ठेवला की नाव आपसूक ओठांवर येई. सत्तर वर्षं गाई हाकताना तिनं ती फाटकांच्याच क्रमानं घेतली होती. मॅन बेटावरची जुनी नावं टिपत फिरणारे किन्विग मास्तर दारात आले, तेव्हा गुडघ्यांनी अधू झालेल्या या म्हातारीला तिच्या मुलानं, इलियमनं, गवताच्या गाडीत बसवून उतारावर नेलं.

इलियमला मँक्स, म्हणजे बेटाची जुनी भाषा, येत नव्हती. बाहीनंच शिकवली नव्हती. त्या भाषेपायी बाजारात तिची टिंगल झाली होती, ती पोराच्या वाट्याला येऊ नये एवढंच तिला वाटे.

"अहो मास्तर, गाईंना काय कळतंय नाव?" इलियम कुरकुरला. "वरचं, खालचं, दगडाचं. भागतं आमचं."

"गप रे. गाडी हाक, जीभ नको."

फाटकामागून फाटक गेलं. 'माहर अ चिब्बर', विहिरीचं शेत. 'माहर नी गीई', वाऱ्याचं शेत. तिथं आजही टोपी धरूनच उभं राहावं लागतं. म्हातारी अशी खुलली की मास्तरांची पेन्सिल मागे पडू लागली.

काटेझाडाजवळच्या शेवटच्या तुकड्यापाशी मात्र ती म्हणाली, "याला नाव नाही."

"आहे की! ओठ हलले तुमचे."

"ते जुनं नव्हे हो. मी आणि आमचे हे म्हणायचो. ते गेले. आता मी गेले की संपलं. वाडवडिलांच्या नावांत ते कुठं लिहिता?"

"जे म्हणता तेच लिहायला आलोय, बाई."

तिनं फाटक घट्ट धरलं. "माहर एलिश. एलिशचं शेत."

"एलिश कोण?" इलियमनं विचारलं.

"तुझी बहीण, तुझ्या आधीची. गवत कापताना तिला इथं सावलीत बसवायचो. चार वर्षांची होऊन गेली. घरात तिचं नाव तुझ्या बापाला सोसवेना, म्हणून इथंच घ्यायचो."

चाळीस वर्षं इलियम या शेतात राबत होता.

"कसं म्हणायचं, आई?"

तिनं सांगितलं. तो अडखळला. तिनं सुधारलं. मग त्यानं नीट म्हटलं.

"अजून एकदा म्हण," बाही म्हणाली.