बोक्याचं खाद्य मी ठरवलं

आक्काचा बोका माझ्यामुळे मेला, आणि मी तिला सांगितलं की तो तिच्यामुळे मेला. पहिल्या गोष्टीत निदान अडाणीपणा होता. दुसरीला तेवढीही सबब नाही.

आक्का माझी थोरली बहीण. वरकुट्याला एकटी राहते. गेल्या हिवाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी ती तीन महिने नाशिकला गेली आणि बोका माझ्याकडे, जळोचीला, ठेवून गेली. पिवळ्या पट्ट्यांचा, अंगानं भरलेला, चार-पाच वर्षांचा. जाताना तिनं बजावलं, "चिलापीची डोकी उकडायची, काटं काढायचं आन् त्याच पाण्यात थोडी भाकरी कुस्करायची. पातळ दिसलं तरी तसंच दे. त्याला तसंच लागतंय."

मी मान हलवली आणि मनात हसलो. निमगाव केतकीत माझं पशुखाद्याचं दुकान आहे. सरकी पेंड मुठीत दाबून तिचा वास घेतला की ती किती दिवसांची आहे ते मी सांगतो. गाय दुधाला कमी आली की लोक आधी माझ्याकडे येतात. अशा माणसानं रोज माशांची डोकी उकडत बसायचं?

बारामतीत कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचं एक दुकान आहे. तिथे मी प्रौढ मांजरांच्या कोरड्या खाद्याच्या दोन पिशव्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. एकीवर घटकांच्या यादीत पहिलं नाव कोंबडीच्या मांसाचं होतं. दुसरीवर मका, मग सोया, मांस बरंच खाली. पण प्रथिनांचा आकडा हिचा मोठा होता. मी दोन्हींतला एकेक दाणा दाताखाली फोडून पाहिला.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, मांजरालाच हवंय ना?"

मी मोठ्या आकड्याची पिशवी घेतली. आमच्या धंद्यात पोत्यावर आधी तोच आकडा बघतात. खरं तर तो आकडा कशातून आला हे आकडा सांगत नाही, युरिया मिसळला तरी तो वाढतो, हे मी स्वतः गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. त्या दिवशी मला ते आठवलं नाही. आणि गाय चार कप्प्यांच्या पोटात कडब्याचंही दूध करते, बोक्याला तसलं पोट नसतं, हा विचार तर मनाला शिवलाच नाही.

दोन-तीन आठवड्यांत त्याच्या केसांची चमक गेल्यासारखी वाटली. गाईचे केस राठ झाले की आम्ही खनिज मिश्रण सांगतो. मी दुकानातलंच काढलं. आधी चिमूटभर, मग अर्धा चमचा. बोका वास घेऊन मागे सरायचा, म्हणून तूप लावून दाण्यांवर चोळायला लागलो. पिशवीवर ठळक लिहिलं होतं की हा संपूर्ण आहार आहे, वरून काही घालू नये. मी ती जाहिरात समजलो.

दुकानात ही गोष्ट मी कौतुकानं सांगायचो. एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "तात्या, बोका गाभण हाय का काय? सकाळचं दूध किती देतोय?"

सगळे हसले. मीही हसलो आणि वर त्याला कॅल्शियम-फॉस्फरस समजावून सांगितलं.

दुसरा महिना संपता संपता बोका अंगणातल्या मातीत पुन्हा पुन्हा बसायला लागला. बसायचा, कण्हायचा, उठायचा, परत बसायचा. मला वाटलं, पोट गच्च झालंय. मी एरंडेल पाजलं आणि एक अख्खा दिवस घालवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उचलूही देईना, तेव्हा त्याला टोपलीत घालून बारामतीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मॅडम वयानं लहान होत्या. त्यांनी बोट लावताच तो किंचाळला. "लघवी तुंबलीय. मूत्राशय कच्च्या पेरूसारखं टणक झालंय. काय खातो हा?"

मी पिशवी बरोबर नेली होती. त्यांनी ती उलटी करून वाचली. "काका, जे सगळ्यात जास्त असतं त्याचं नाव आधी लिहितात. पहिली दोन्ही नावं मका आणि सोयाची आहेत. मांजराला मांसातून मिळणारं धान्यातून मिळत नाही. आणि पाणी किती पितो?"

ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मग मी खनिज मिश्रणाचंही सांगितलं.

"गाईंचं?" त्या म्हणाल्या. पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "फक्त त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. पण बोक्यांची लघवीची नळी बारीक असते. जास्तीचे क्षार, त्यात कोरडं खाणं, कमी पाणी. वाळूसारखे कण होतात आणि नळी बंद होते."

आधीचं खाणं विचारलं तेव्हा मी आक्काची चिलापी सांगितली. "ते पूर्ण नव्हतं," त्या म्हणाल्या, "पण त्यात मांस होतं आणि पाणी होतं. ह्यापेक्षा बरं होतं."

त्यांनी नळी घालून लघवी मोकळी केली. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तुंबली. तोवर मूत्रपिंडं गेली होती. मी टेबलाशी उभा राहून सलाईनची नळी लागलेला त्याचा पाय धरून ठेवायचो. दुसरं काही मला करता येत नव्हतं. त्याला कुठे दुखतंय हेसुद्धा मला कळत नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी तो माझ्या हाताखालीच गार झाला.

आक्काला फोन केला. तिनं रडण्याआधी विचारलं, "काय खाल्लं हुतं रं त्यानं?"

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणत्यात माशानं खडं हुत्यात. लई वर्सं साठत आलं असतील."

"मंजी मीच घातलं का?"

"जाऊ दे आक्का, तुला काय ठावं."

म्हणजे मी तिला माफसुद्धा करून टाकलं.

ती परतल्यावर दीड-दोन महिने मी वरकुट्याला जायचं टाळलं. गेलो तेव्हा तिच्या पायरीवर एक हडकुळी मांजरी बसली होती, पोटात पिल्लं असलेली. आक्का फडकं झटकून तिला हाकलत होती, पण आवाजात राग नव्हता. "जा गं बाई, पलीकडच्या घरी जा. माज्या हातचं खाऊ नगं."

मांजरी तीन पावलं जाऊन परत यायची. आक्कानं दाराला कडी घातली, माझ्याशेजारी ओट्यावर बसली आणि म्हणाली, "चार दीस झालं, हितंच हाय. उपाशी हाय, दिसतंय मला. पन हात उचलंना. तूच सांग, हिला काय घालू? तुला कळतं त्यातलं."

"न्हाय कळत," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. मका-सोयाची पिशवी, तूप लावून चोळलेली पावडर, एरंडेलात घालवलेला दिवस, आणि मॅडम खरं काय म्हणाल्या होत्या ते. मध्ये एकदाच तिनं विचारलं, "माश्यानं न्हवं?"

"माश्यानं न्हवं. तुजं खानंच बरं हुतं म्हणाल्या त्या."

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मांजरी दाराशी ओरडत होती. मी आक्काच्या पायाला हात लावला, लहानपणी मारातून सुटायला लावायचो तसा नव्हे.

"आक्का, बोका माज्या हातनं गेला. त्यो मला परत आनता येत न्हाय. पन एवढं दीस तुला वाटत राहिलं की तूच मारलास, आन् मी ते वाटू दिलं. चुकलं माजं. मला माफ कर."