गाडीतला गुलाबी उजेड

मेहरूणमधल्या त्या वायरमनचं नाव मी विचारलं नाही. माझ्या गाडीत लाईट बसवताना चिकटपट्टीचे तुकडे मनगटावर चिकटवून तो वायर दातानं सोलत होता. मी बजावलं, "नातीची पाठवणी याच गाडीतून होणार. उजेड पांढराच पाहिजे, आणि बटनावर. रिमोट नको." बायकोला गुलाबी हवा होता, पण माझ्या गाडीत माझंच चालतं.

बटन दाबलं. पांढरा लागला! मिशीवर हात फिरवला, तोच गुलाबी झाला. बंद करून परत लावला, तरी गुलाबी.

"वायर चुकवलीस!"

तो पोट धरून हसला. "आबा, बटन तुमनं शे, रंग मायना हातमा शे," म्हणत त्यानं मागच्या सीटकडे बोट केलं.

मागं वळलो, तर पदराखाली रिमोट धरून बायको खुदखुदत होती. अगदी नवरीसारखी गुलाबी दिसत होती.

यावलला घरी पोचेपर्यंत मी लाईट चालूच ठेवला. बटन माझं आहे!